समुद्राचा खरीप

ज्येष्ठाच्या सुरुवातीला चंद्रभागा पुण्यात, टेकडीवरच्या सुतारदऱ्याच्या पायऱ्यांवर घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. डोक्यावरची पाटी मात्र तिनं पडू दिली नाही. डाव्या हातानं ती सावरली, खाली ठेवली, आणि मग पायरीवर बसून ओरडली. पाटीत सुकट आणि सुके बोंबील होते. ओली मासळी तेव्हा नुकतीच बंद झाली होती. पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नाहीत. किनाऱ्यावर ओढून, झाकून ठेवतात. त्या पुन्हा निघतात नारळी पौर्णिमेच्या सुमाराला.

प्लास्टर घालून घरी आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते सुनेशी.

"अक्षता, उद्यापास्नं तुला बसावं लागंल."

अक्षता चहा गाळत होती. तिच्या लग्नाला वर्ष झालं होतं. ती दौंडची, वडील रेल्वेत. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. कोथरूडात श्रीनिवास सरांच्या क्लासमध्ये ती संध्याकाळी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायची.

"आई, पण आता मासे कुठायत? हात बरा होईपर्यंत राहू दे ना."

"मासे न्हाईत म्हणूनच बसायचं," चंद्रभागा म्हणाली. "मासे असल्यावर कुणीबी बसतंय."

पौड रस्त्याच्या कडेला, एका सोसायटीच्या भिंतीला लागून मासेवाल्यांची ओळ होती. दहा-बारा बायका. बाप्ये पहाटे गणेश पेठेच्या मासळीबाजारातून मासळी आणून टाकायचे, बसायच्या बायका. जागेचा कागद कुणाकडेच नव्हता. जी बसेल तिची जागा. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने जी सुकं घेऊन का होईना पण रोज बसली, तीच पौर्णिमेनंतर ओलं घेऊन बसणार. चंद्रभागा तिथं बसायला लागली तेव्हा समोर ज्वारीचं शेत होतं. आता तिथं मोबाइलचं दुकान आणि त्यावर तीन मजले होते.

तात्यारावांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सकाळी एम-एटी गाडीवर पाटी बांधली आणि मागं अक्षताला बसवलं. ते कमी बोलायचे. ओळीपाशी उतरवून त्यांनी भिंतीला टेकवलेली फळी आडवी केली, कोपऱ्यातल्या दोन विटांवर ठेवली आणि हातानं पुसली. ओल्या मासळीची जाड सागवानी फळी ती, मधोमध सुरीच्या घावांनी खोलगट झालेली.

"हिच्यावर आता काही ठेवायचं नाही," ते म्हणाले. "सुकं खाली गोणपाटावर. फळी रोज धुवायची आणि मांडून ठेवायची."

"रिकामीच?"

"रिकामीच."

शेजारी सरूबाई बसायची. ओळीतली सगळ्यात जुनी. तिनं अक्षताकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"चंद्राची सून ना तू? घड्याळ काढ आधी. सुकटीच्या वासानं पट्टा खराब हुतो."

अक्षतानं घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं.

दिवस सारखेच होते. सकाळी पाऊस असला तर निळं प्लास्टिक ओढायचं, नसला तर गुंडाळायचं. सुकटीचे वाटे लावायचे. दमट हवेत सुकट मऊ पडते, म्हणून वरचा थर सारखा हलवायचा. बोंबलांच्या जुड्या उलटसुलट करायच्या. मिठानं बोटांना चिरा पडायच्या. बसून बसून तिची कंबर धरायची. मांडी घालून इतका वेळ बसायची सवय नव्हती. सरूबाईनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी आपल्याकडची एक वीट तिच्याकडं सरकवली.

"ढुंगणाखाली घे. अभ्यासाला बसल्यासारखी काय बसतीस."

गिऱ्हाइकं थोडी. रोज फिरायला जाणारे एक पेन्शनर छत्रीच्या टोकानं रिकाम्या फळीकडं बोट करून विचारायचे, "समुद्र अजून रजेवरच का?"

"व्हय. तुमच्यावानी," सरूबाई म्हणायची. "फरक एवढाच, त्यो परत कामाव येतो."

ते हसून पुढं जायचे. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, आणि सरूबाईचं तेच उत्तर.

चारच्या सुमाराला अक्षता आवरून क्लासला निघायची. त्याआधी हात लिंबानं चोळायची, मग बेसनानं, मग साबणानं. तरी नखांच्या कडेला वास राहायचा. एकदा फळ्यावर पचनसंस्थेची आकृती काढत असताना मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "टीचर, कसला तरी स्मेल येतोय. डेड काहीतरी." मुलं हसली. अक्षतानं खडू खाली ठेवला, खिडकी उघडली आणि जठरापासून पुढं शिकवलं.

क्लास सुटल्यावर श्रीनिवास सर दारात थांबले होते. "मॅडम, गैरसमज करून घेऊ नका. पालक बोलतात. जरा डिओ वगैरे वापरलात तर..."

"हो सर."

त्या दिवसापासून रस्त्यावर ती छत्री रस्त्याच्या बाजूला तिरकी धरून बसू लागली. पाऊस नसला तरी. बूट आणि सँडल्स तेवढे दिसायचे. कुणाचे ते कळत नसे.

घरी चंद्रभागा डाव्या हातानं भाकरी थापायचा प्रयत्न करायची. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. अभय, अक्षताचा नवरा, हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवायचा. पहिली खेप सकाळी लवकर, शेवटची रात्री. मधे दुपारी घरी आला की तो आईची भाकरी हातात धरून म्हणायचा, "हा कुठल्या देशाचा नकाशा?"

"खायाची तर खा, न्हायतर कँटीनात जा."

"कँटीनात आमाला कोण घेतंय? आमची बस फक्त दारापर्यंत."

चंद्रभागेला केस विंचरता येत नव्हते, काष्टा घालता येत नव्हता. अंघोळीला अक्षता पाणी घालायची. पहिल्या दिवशी दोघीही अवघडल्या. चंद्रभागा भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिच्या पाठीवर, मानेखाली, पाटीच्या वजनानं आलेली कडक गाठ होती. अक्षतानं त्यावरून हलकेच साबण फिरवला.

"दुखतं का?"

"तिथं काय दुखायचं? ती मेलेली जागा हाय."

आषाढात एके दिवशी दुपारपासून आभाळ उतरलं. तीनलाच दिवे लागले. गटार भरून रस्त्यावर आलं. सरूबाई आणि बाकीच्या लवकर उठून गेल्या. दहावीची चाचणी होती, त्यामुळे अक्षताला क्लासला जाणं भाग होतं. तिनं सुकं गुंडाळलं, फळी धुतली. पण फळीच्या खोलगट भागात लगेच पाणी साचलं. तिनं ते निपटलं, पुन्हा साचलं. असंच राहिलं तर लाकूड कुजेल, असं तिच्या मनात आलं. दौंडला आई रात्री घासलेली परात, पातेली, काटवट सगळं उपडं घालायची. अक्षतानं फळी उचलली आणि विटांवर उपडी ठेवली. वरून पाणी घरंगळून गेलं. तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एम-एटीवरून उतरताना तिला आधी रंग दिसले. पिवळे, लाल, निळे रेनकोट. भिंतीला दोरी बांधून ओळीनं टांगलेले. खाली पेटीवर मोबाइलची कव्हरं. तिच्या जागेवर एक तिशीचा माणूस स्टूल टाकून बसला होता. तो दत्तोबा, सरूबाईच्या बहिणीचा मुलगा. फळी बाजूला भिंतीला टेकवलेली होती, अजून उपडीच. तिच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलेलं होतं, आणि एक झेंडूचं फूल.

तात्यारावांनी गाडी स्टँडवर लावली. फळीकडं पाहून ते अक्षताला म्हणाले, "कुणी पालथी घातली?"

"मी. पाणी साचत होतं म्हणून."

डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली.

सरूबाई उठून आली. तिचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते. "आता कशाला आलात? काल सांजच्याला परत हितनं जाताना फळी पालथी बघितली आन् मला कळलं. चंद्रानं सोडलं. हात मोडला, सून शिकलेली, कशाला बसंल? खरंय. पर इतकी वर्सं शेजारी बसले मी तिच्या. एक शब्द सांगाया आली न्हाय. तरी म्या हळदकुंकू वाह्यलं."

ओळीत फळी पालथी घालायची ती एकदाच. बाई गेली, किंवा तिनं धंदा सोडला, की. मग बाकीच्या तिला हळदकुंकू वाहतात आणि जागा मोकळी होते. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. चंद्रभागेनं सांगितलं नव्हतं, कारण सांगावं लागेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"मावशी, मला माहीत नव्हतं," अक्षता म्हणाली. "आईंनी काही सोडलेलं नाही."

सरूबाईनं दत्तोबाकडं पाहिलं. दत्तोबा स्टुलावरून उठून उभा होता, हातात कव्हरांचा गठ्ठा. त्याच्याही चेहऱ्यावर चोरी केल्यासारखा भाव होता. "मावशी हो म्हणाली, सगळ्या हो म्हणाल्या, तवा मी माल उचलला," तो म्हणाला. "घरी बायकोचे दिवस भरत आल्यात."

"शब्द दिलाय म्या," सरूबाई म्हणाली. "आता पौर्णिमेलाच बघायचं."

त्या दिवशी अक्षता ओळीच्या टोकाला, कचराकुंडीशेजारी बसली. दुसऱ्या दिवशीही. घरी तिनं सांगितलं नाही. तात्यारावही गप्प राहिले. संध्याकाळी चंद्रभागा विचारायची, "काय म्हणती सरू?" अक्षता म्हणायची, "बरी आहे." तेवढं खोटं नव्हतं.

आठवडाभर तिनं असं काढलं. मग रविवारी दुपारी ती चंद्रभागेच्या केसांना तेल लावत होती. केस विरळ झाले होते, पण लांब होते. फणी फिरवताना तिचा हात थांबला.

"आई, जागा गेली."

चंद्रभागेनं मान वळवली नाही. अक्षतानं सगळं सांगितलं. पाणी साचलं, दौंडच्या परातीसारखी फळी पालथी घातली, हळदकुंकू, दत्तोबा, कचराकुंडी. बोलून झाल्यावरही ती फणी हातात धरून बसली. बाहेर नळावर कुणाची तरी कळशी भरून वाहत होती.

चंद्रभागा म्हणाली, "परात उपडीच घालतो आपण. मी बी घालते."

"मी विचारायला हवं होतं."

"आन् म्या सांगाया पायजे हुतं." तिनं डावा हात मागं आणून अक्षताच्या गुडघ्यावर ठेवला. "विंचर. गुंता तसाच ठिवू नको."

अक्षता विंचरू लागली. चंद्रभागेचे खांदे एकदा हलले. मग स्थिर झाले.

"काय तरी दुसरं बोल," ती म्हणाली. "जागेचं नगं. तुझ्या पुस्तकातलं सांग. ह्यो समुद्र पावसाळ्यात करतो तरी काय? म्या जलमभर त्याचंच खाल्लं, पर बघितला एकदाच. लग्नानंतर अलिबागला नेलं यांनी. तर ओहोटी. पाणी पार लांब गेल्यालं. नुसता चिखूल बघून आले."

अक्षताला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिनं भांग पाडत सांगायला सुरुवात केली.

"उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं. तापलेलं पाणी हलकं असतं. ते खालच्या गार पाण्यावर तवंगासारखं पसरून राहतं. मिसळत नाही. समुद्रात जे मरतं, कुजतं, ते सगळं खाली जातं. म्हणजे खत सगळं तळाशी आणि ऊन सगळं वर. दोघांची गाठ पडत नाही. म्हणून वैशाखात समुद्र उपाशी असतो."

"खरं हाय. वैशाखातला बांगडा तव्यावर तेल मागतो. भादव्यातला सोताचं तेल सोडतो."

"तेच. मग पावसाळ्याचे वारे सुटतात. किनाऱ्याला धरून जोरात वाहतात, वरचं पाणी लांब ढकलतात. त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं, खत घेऊन. दक्षिणेला, केरळ-कर्नाटकाकडं जास्त, आपल्याकडं कमी. त्याला ऊन लागलं की पाण्यात हिरवं वाढतं. डोळ्याला न दिसणारं, एकेक कणाएवढं रोप. त्यावर बारीक किडे जगतात, किड्यांवर मासे. पुष्कळ मासे ह्याच दिवसांत अंडी घालतात, पिल्लांना खायला मिळावं म्हणून."

"मंजे आपण म्हणतो बंद हाय, तवा त्यो पेरणी करतो."

"हो. आणि थंडीत परत एकदा. तिकडं गुजरातच्या वर गार कोरडे वारे येतात. वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, आणि खालचं ढवळून वर येतं. माघात पुन्हा हिरवं होतं."

चंद्रभागेनं डाव्या हाताची दोन बोटं उघडली. "दोन पिकं," ती म्हणाली. "खरीप आन् रब्बी. वैशाखात पडीक."

अक्षताचा हात थांबला. तीन वर्षं ती हे शिकली होती, तिनं आकृत्या काढल्या होत्या, पण असं कधी डोक्यात आलं नव्हतं. तिनं वेणीला शेवटचा पेड घातला.

"खरीप आणि रब्बी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चंद्रभागा रिक्षानं ओळीत गेली. प्लास्टरचा हात झोळीत, डोक्यावरून पदर. सरूबाईसमोर ती जमिनीवर बसली.

"मेले नव्हते मी, सरे."

"मग निरोप धाडायचा हुता."

"हात मोडला हुता. तोंड न्हाय, तेबी खरं."

सरूबाई हसली, मग नाक पुसू लागली. पण तिनं मान हलवली. "चंद्रे, शब्द दिलाय पोराला. त्येनं माल भरलाय. सोडल्याली जागा परत घ्यायची तर तुला रीत म्हाईत हाय. पौर्णिमेला नारळ फोडायच्या आत त्या जाग्यावर फळीवर समुद्राची ओली मासळी पायजे. धरणाची चालायची न्हाय. असली तर जागा तुझी. नसली तर दत्तोबाची. पुन्यांदा म्या बोलणार न्हाय."

"रीतीनंच हुईल," चंद्रभागा म्हणाली आणि उठताना आधारासाठी तिनं सरूबाईचाच खांदा धरला.

श्रावण लागला. चंद्रभागेचं प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, मनगट वळत नव्हतं, सुरी धरली तरी निसटायची. ती रोज कोमट पाण्यात हात घालून बसायची आणि बोटं एकेक करून मिटायची.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी टीव्हीवर वादळाची बातमी आली. किनाऱ्यावर जोराचे वारे, समुद्र खवळलेला, होड्यांनी निघू नये. चंद्रभागा टीव्हीकडं बघत राहिली.

"आता?" अभय म्हणाला.

"आता काय? पूजा करतील आन् होड्या तिथंच बांधून ठिवतील."

पहाटे तात्यारावांबरोबर अक्षता गणेश पेठेत गेली. चंद्रभागेचा हात चालत नव्हता, आणि तात्यारावांना अलीकडं जवळचं कमी दिसायचं. बाजार अर्धा रिकामा होता. पिवळ्या दिव्यांखाली ओल्या फरशीवर मोजकी खोकी. ओळखीचा व्यापारी पुढं आला.

"तात्या, पापलेट आहे बघा. कोथरूडला पापलेटच चालतं."

पापलेट पांढरंशुभ्र दिसत होतं. अक्षतानं वाकून एकाचे कल्ले उचलले. आत तपकिरी रंग होता. पोटावर बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"हे उन्हाळ्यातलं आहे," ती म्हणाली. "बर्फातलं."

"ताई, या आठवड्यात सगळ्या पुण्यात हेच विकणार," व्यापारी म्हणाला. "ताजं हवं असेल तर ती दक्षिणेची गाडी आलीय. तिकडं होड्या आधीच सुटल्यात. पण तारली आहे नुसती."

तारल्या खोक्यात भरलेल्या होत्या. हाताच्या पंजाएवढ्या. पाठ निळी-हिरवी, पोट चांदीसारखं, डोळे काळे आणि स्वच्छ. अक्षतानं एक उचलली. ती हातात ताठ राहिली. पोट जाड होतं, आणि बोटांना तेल लागलं.

"कोथरूडात तारली कोण खातंय?" तात्याराव म्हणाले. "नुसते काटे. त्यात श्रावण. लोक मांजराला बी न्हेणार न्हाईत. पापलेट घेऊ. निदान विकलं जाईल."

अक्षता उभीच राहिली. पापलेट फळीवर मांडलं तर रीत पुरी होईल, विकलंही जाईल. आणि कुणीतरी घरी जाऊन शिजवेल, तेव्हा ते पाण्यासारखं लागेल. मग कुणी म्हणेल, चंद्रभागेकडचं होतं.

"तात्या, पहिल्या दिवशी आईंच्या फळीवर शिळं नको. तारली घ्या."

तात्यारावांनी तिच्याकडं पाहिलं, मग खोक्याच्या कडेला हात घातला. "धर तिकडून."

ओळीत ती दोघं पोचली तेव्हा बाकीच्यांनी आपापल्या फळ्या धुऊन मांडल्या होत्या. सरूबाईच्या हातात नारळ होता. सगळ्या नव्या साड्या नेसून आल्या होत्या, आणि बहुतेकींच्या फळ्या रिकाम्या होत्या. चंद्रभागा आधीच रिक्षानं आली होती. दत्तोबाच्या रेनकोटांसमोर ती उभी होती.

अक्षतानं आणि तात्यारावांनी खोकं खाली ठेवलं. सरूबाई पुढं आली, झाकणाखाली वाकून बघितलं.

"तारली?"

"समुद्रातली आहे," अक्षता म्हणाली. "आणि ओली आहे."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. सरूबाई वळली. "हसायला काय झालं? तारली काय झाडाला लागती?"

दत्तोबानं कुणी सांगायच्या आत दोरी सोडायला घेतली. एकेक रेनकोट घडी करून तो पेटीत घालू लागला. त्याचे हात भरभर चालत नव्हते. चंद्रभागा त्याच्याकडं बघत होती.

"लेकरा, समदं काढू नको. माझ्या डोक्यावरची दोरी राहू दे. मी खाली बसणार, तुझं वर लटकंल. पाऊस अजून लई हाय."

दत्तोबा थांबला. "वास लागंल मालाला, मावशी."

"लागंल. मग कमी भावात वीक."

तो हसला, आणि दोरी वरच्या खिळ्याला बांधली.

तात्यारावांनी फळी सुलटी करून विटांवर ठेवली. अक्षतानं पाणी ओतलं, चोथ्यानं घासलं. मग तिनं तारल्या मांडल्या, सगळ्यांची डोकी एका बाजूला. सरूबाईनं नारळ फोडला. पाणी फळीवर, रस्त्यावर, अक्षताच्या पायावर उडालं.

जागा मिळाली, पण गिऱ्हाईक नव्हतं. श्रावणात कोथरूड मासे खात नाही. नऊ वाजले, दहा वाजले. तारली लवकर मऊ पडते. अक्षता सारखा बर्फ फोडून घालत होती. छत्री तिनं मिटून मागं ठेवली होती; एका हातानं छत्री आणि एका हातानं बर्फ जमत नव्हतं. क्लासच्या दोन मुली सायकलवरून गेल्या. एकीनं मान वळवून पाहिलं. अक्षतानं हात वर केला. ओला, खवल्यांनी चमकणारा हात. मुलीनंही गोंधळून हात वर केला आणि सायकल डगमगली.

अकराच्या सुमारास समोर एक रिक्षा थांबली. त्यातून दोन मुली आणि एक मुलगा उतरले. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं, डोळे रात्रपाळीचे. एक मुलगी सरळ फळीशी येऊन वाकली.

"मत्ती!" ती तारलीकडं बोट करून मल्याळीत ओरडली. मग हिंदीत म्हणाली, "बसवाले भैया ने बोला था. हमको लगा झूठ बोलता है. दो साल से नहीं खाया."

"कोणते बसवाले?" सरूबाईनं विचारलं.

"आमचेच," चंद्रभागा म्हणाली. "पहाटे बाजारातनं बापानं फोनवर तारली सांगितली, तरी निघताना काय बोलला न्हाय. आतल्या गाठीचा हाय, बापासारखा."

त्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणीला मासे हवे होते, पण साफ करून. हॉस्टेलवर सुरी नव्हती. चंद्रभागेनं सवयीनं सुरी उचलली. मनगट वळलं नाही. सुरी फळीवर पडली. तिनं ती पुन्हा उचलली आणि मुठीकडून अक्षतापुढं धरली.

"मला नीट येत नाही," अक्षता हळूच म्हणाली.

"मी बसल्ये ना. खवलं शेपटीकडनं डोस्क्याकडं. आता पोट. उताणी नगं धरू, कुशीवर. वरवर चीर. आत जोर लावू नको."

पहिली तारली अक्षताच्या हातून फाटली. दुसरीही. तिसरीचं पोट सरळ रेषेत उघडलं. अक्षतानं अंगठा आत घालून आतडं बाहेर काढलं. ते अंगठ्याखाली फुटलं आणि बोटावर हिरवट लगदा आला. दाट, शेवाळी, ओल्या मातीसारख्या वासाचा.

ती ते धुणार होती. पाण्याच्या डब्याकडं गेलेला हात तिनं मागं घेतला.

"आई," ती म्हणाली. "हे बघा."

"घाण हाय. टाक पाण्यात."

"घाण नाही. हे तिनं खाल्लंय. त्या दिवशी मी सांगितलं ना, पाण्यात वाढणारं हिरवं. कणाएवढं रोप. एकेक दिसत नाही, पण तारली पाणी गाळून हेच खाते. हे ह्याच पावसाळ्यातलं आहे."

चंद्रभागेनं डोळे बारीक केले. हजारो मासे तिनं या फळीवर उघडले होते, आणि हा हिरवा रंग दर वर्षी पाण्याबरोबर गटारात सोडला होता. तिनं आखडलेला उजवा हात पुढं केला. बोटं पुरती उघडत नव्हती. अक्षतानं तिचं तर्जनीचं टोक धरलं आणि आपल्या अंगठ्यावरचं थोडं तिथं टेकवलं.

चंद्रभागेनं बोट उजेडाकडं धरलं. मग नाकाशी नेलं.

"पिकलंय की," ती म्हणाली.

हॉस्टेलची मुलगी वाट बघत उभी होती. चंद्रभागेनं डाव्या हातानं पुढची तारली उचलली, कुशीवर निजवली आणि अक्षतापुढं सरकवली.